'एप्रन' शब्दाचा हरवलेला 'न'



आज एका छोट्याशा इंग्रजी शब्दाबद्दल बोलू या. शब्द रोजचाच आहे : एप्रन. स्वयंपाक करताना किंवा कारखान्यात काम करताना अंगावरचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून कमरेला पुढच्या बाजूने बांधतात, ते कापड म्हणजे एप्रन. यात शिकवण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

सहावीच्या वर्गात मी इंग्रजी श्रुतलेखन घेत होते. वाक्यात 'ॲन एप्रन' असे शब्द होते. वही तपासताना एका मुलीने 'अ नेप्रन' लिहिलेलं दिसलं. मी लाल पेनने गोल केला आणि गंमत म्हणून ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. मुलं हसली. त्या मुलीने पुढचे कितीतरी दिवस इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

नंतर 'ॲन' चा नियम नीट समजावून सांगावा म्हणून शब्दकोश उघडला आणि मी थक्कच झाले. त्या मुलीने लिहिलेला शब्द साधारण सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत बरोबर होता!

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत 'मॅप्पा' म्हणजे कापड, हात पुसायचा रुमाल. रोममध्ये रथांच्या शर्यती सुरू करताना अधिकारी हातातलं पांढरं कापड खाली टाकत असे, त्यालाही मॅप्पाच म्हणत. हा शब्द फ्रेंच भाषेत गेला तेव्हा 'म' चा 'न' झाला आणि 'नाप' हा शब्द तयार झाला. आजही फ्रेंचमध्ये टेबलावर अंथरायच्या कापडाला 'नाप' म्हणतात. या नापचं लहान रूप म्हणजे 'नापरों', छोटं कापड. तेच इंग्रजीत 'नेप्रन' झालं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द 'न' सकट सापडतो.

याच घरातली आणखी दोन भावंडं आपल्या ओळखीची आहेत. एक नॅपकिन. 'नाप' ला लहानपणा दाखवणारा 'किन' हा प्रत्यय लागला, की झाला नॅपकिन. दुसरं भावंड भूगोलाच्या तासाला भेटतं, ते म्हणजे मॅप! मध्ययुगात जगाच्या नकाशाला लॅटिनमध्ये 'मॅप्पा मुंडी' म्हणत, म्हणजे 'जगाचं कापड'. पुढे नकाशे कातड्यावर काढले, कागदावर काढले, पण नाव कापडाचंच राहिलं. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या चर्चमध्ये साधारण 1300 सालचा असा एक मोठा नकाशा आहे. तो वासराच्या कातड्यावर काढलेला आहे, तरी त्याला मॅप्पा मुंडीच म्हणतात.

म्हणजे स्वयंपाकघरातला एप्रन, जेवणाच्या टेबलावरचा नॅपकिन आणि वर्गाच्या भिंतीवरचा मॅप ही एकाच आजीची नातवंडं!

मग 'न' गेला कुठे?

आता 'अ नेप्रन' आणि 'ॲन एप्रन' हे दोन्ही भरभर, न थांबता म्हणून बघा. कानाला जवळजवळ सारखंच ऐकू येतं ना? त्या काळी बहुतेक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शब्द कानानेच शिकले जायचे. ऐकणाऱ्याला कळेना, की मधला 'न' आधीच्या शब्दाचा की पुढच्या. हळूहळू लोकांनी तो 'न' पुढच्या शब्दाकडून काढून आधीच्या शब्दाला देऊन टाकला. 'अ नेप्रन' चं 'ॲन एप्रन' झालं आणि पुढे तेच रूढ झालं.

मराठीच्या शिक्षकांना ही गोष्ट नवी नाही. सभंग श्लेष शिकवताना आपण 'नवरी' आणि 'न वरी' हे उदाहरण देतोच. उच्चार एकच, पण शब्द कुठे तोडला त्यावर अर्थ बदलतो. तिथे कवी मुद्दाम तोडतो, इथे लोकांनी नकळत तोडलं, एवढाच फरक!

याच वाटेने गेलेले आणखी शब्द

अंपायर : क्रिकेटवेड्या मुलांना हा शब्द नक्की सांगा. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जो जोडीतला नाही तो. दोघांचं भांडण सोडवणारा तिसरा माणूस. इंग्रजीत आल्यावर याचाही सुरुवातीचा 'न' निसटून 'ॲन' ला चिकटला आणि अंपायर उरला.

ॲडर : इंग्लंडमधला एक विषारी साप. याचं जुनं नाव 'नॅडर' होतं.

निकनेम : इथे उलटं झालं. मूळ शब्द 'ईकनेम', म्हणजे जास्तीचं नाव. 'ॲन ईकनेम' मधला 'न' पुढे सरकला आणि निकनेम तयार झालं.

न्यूट : पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी. याच्याही नावातला 'न' असाच उसना आहे.

ऑरेंज हा शब्द तर आपल्या घरापर्यंत येतो. आपलं नारिंग संस्कृत 'नारंग' मधून आलेलं. हाच शब्द फारसी, अरबी असा प्रवास करत युरोपात पोचला. स्पॅनिशमध्ये तो अजून 'नारांखा' आहे, 'न' शाबूत. फ्रेंचमध्ये मात्र 'न' गळाला आणि तिथून इंग्रजीने 'ऑरेंज' घेतलं. म्हणजे हा 'न' इंग्रजीत येण्याआधीच हरवला होता.

एक शब्द, अनेक अर्थ

एप्रनचं काम काय? पुढे पसरायचं आणि मागच्या गोष्टीला जपायचं. यावरून शब्दाचे अर्थ वाढत गेले. नाटकाच्या रंगमंचाचा पडद्यापुढे आलेला भाग म्हणजे एप्रन. विमानतळावर विमानं उभी राहतात, प्रवासी चढतात-उतरतात, सामान भरलं जातं, त्या फरसबंद जागेलाही एप्रन म्हणतात. धरणावरून पडणाऱ्या पाण्याने तळाची जमीन खणली जाऊ नये म्हणून पायथ्याशी काँक्रीटचा थर देतात, तोही एप्रनच.

आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. वैद्यकीय शाखेत शिकणारी मुलं अंगात घालतात त्या पांढऱ्या कोटाला आपण एप्रन म्हणतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाला पुस्तकातलं आचाऱ्याचं चित्र पटेचना. "बाई, माझी ताई तर एप्रन घालून दवाखान्यात जाते!" त्याचंही बरोबरच होतं. फक्त इंग्लंडमध्ये हाच शब्द वापरला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर येईल, एवढं मुलांना सांगून ठेवावं.

शिवाय एक वाक्प्रचार आहे. मोठं झाल्यावरही आईवर अवलंबून राहणाऱ्याबद्दल इंग्रजीत 'आईच्या एप्रनच्या नाड्यांना बांधलेला' असं म्हणतात. आपण म्हणतो, 'अजून आईचा पदर सोडत नाही.' तिकडे एप्रन, इकडे पदर, आई मात्र तीच!

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. फळ्यावर 'अ नेप्रन' आणि 'ॲन एप्रन' लिहा. मुलांना डोळे मिटून दोन्ही ऐकू द्या आणि फरक ओळखायला सांगा.
2. कानाने शिकून रूप बदललेले मराठीतले शब्द गोळा करायला सांगा. तिकीट, इस्पितळ, लालटेन अशी सुरुवात करून द्या. आजी-आजोबांना विचारलं तर यादी भराभर वाढेल.
3. लिहिताना चूक झाली तर आधी विचारा, "तुला काय ऐकू आलं?" उत्तरातून चुकीचं कारण कळतं.

याचा अर्थ चुका दुरुस्त करायच्या नाहीत असा मुळीच नाही. आज 'ॲन एप्रन' हेच बरोबर आहे आणि परीक्षेत तेच लिहायला हवं. पण मुलगी निष्काळजी नव्हती, तिने मन लावून ऐकलं होतं. दुरुस्त करायचं होतं ते लेखन. हसू व्हायला नको होतं.

मी पुढच्या तासाला त्याच वर्गात ही सगळी गोष्ट सांगितली. "परवा मी जिला हसले, तिने सहाशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी लिहिलं होतं. चूक माझी होती," असंही सांगितलं. वर्ग क्षणभर शांत झाला. मग मागच्या बाकावरून त्या मुलीचा हात वर आला. तिने विचारलं, "बाई, मग 'अंब्रेला' चा पण 'न' हरवलाय का?"

नाही, अंब्रेलाचा नाही हरवला. तो लॅटिनमधल्या सावलीच्या शब्दावरून आलाय, 'उंब्रा' वरून. पण तिने विचारलं, याचाच मला जास्त आनंद झाला.