घडीच्या चाकूचा हिशेब

एकाने एकच काम करावे म्हणजे ते अधिक चांगले होते, हे श्रमविभागणीचे तत्त्व ॲडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला देऊन मांडले. हत्यारांनाही ते लागू पडावे. मग अनेक कामे एकट्याने करू पाहणारा स्वित्झर्लंडचा घडीचा चाकू जगभर रुजला कसा?

त्याचा जन्म चैनीतून नव्हे, गरजेतून झाला. नव्या रायफलीचे स्क्रू काढणे आणि डबाबंद अन्न उघडणे ही दोन्ही कामे शिपायाला एकाच हत्याराने करता यावीत, एवढीच सैन्याची अपेक्षा होती. आरंभीचे चाकू जर्मनीतील झोलिंगेनहून आले. हे काम देशातच राहावे म्हणून इबाखचे कार्ल एल्सनर १८९१ पासून ते पुरवू लागले. पण झोलिंगेनचा माल स्वस्त पडे आणि एल्सनर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. त्यांना तारले ते १८९७ सालच्या हलक्या, अधिक सोयींच्या ‘अधिकारी चाकू’ने. सैन्याने तो कधी सरकारी सामानात घेतला नाही. अधिकाऱ्यांनी तो पदरमोड करून घेतला. हा ग्राहकाचा कौल होता.

तथापि दोषही नाकारता येणार नाहीत. यातले प्रत्येक काम त्याचे स्वतंत्र हत्यार अधिक चांगले करते. सांध्यांत धूळ व फळांचा रस साचतो. ९१ मिलिमीटरच्या परिचित नमुन्यात पाते केवळ स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. टोकावर जोर दिल्यास ते बोटांवर मिटण्याचा धोका असतो. सैन्याच्या २००८ च्या नमुन्यात म्हणूनच पाते अडकविणारा खटका आला. शिवाय २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानात असा चाकू खिशात बाळगणे अशक्य झाले.

तरीही त्याची खरी किंमत धारेत नाही, जवळ असण्यात आहे. घरच्या खणातील उत्तम पेचकस प्रवासात कुचकामी. खिशातला साधारण पेचकस तेथे अमोल ठरतो. मात्र येथे घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आड येतो. प्रत्येक वाढत्या हत्याराबरोबर लाभ घटतो, वजन वाढते. एका मर्यादेनंतर चाकू खिशातून खणात जातो आणि त्याचा एकमेव मोठा गुण तेथेच संपतो.

तेव्हा चाकूत किती हत्यारे आहेत, हे मोजून तो घेऊ नये. दोन पाती, एक पेचकस आणि डबा उघडण्याची सोय एवढ्यावर ज्याचे भागते, त्याने विसाव्या हत्याराचे पैसे का मोजावेत?