किनाऱ्यावरचे समुद्रगवत

युरोप आणि आफ्रिका या खंडांच्या मध्ये भूमध्य समुद्र आहे. उर्दू भूगोलात आपण त्यालाच बहीरा-ए-रूम म्हणतो. या समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाचे समुद्रगवत वाढते. पुष्कळ लोक त्याला शेवाळ समजतात. पण ते शेवाळ नव्हे. त्याला मुळे, खोड व पाने असतात. फुले आणि फळेही येतात! त्याची पाने फितीसारखी लांब असतात आणि पाण्याच्या हालचालीबरोबर डोलतात.

शरद ऋतूत जुनी पाने गळून पडतात. मग वादळी लाटा ती किनाऱ्यावर आणून टाकतात. पानांच्या थरावर थर बसतो आणि मध्ये वाळू अडकते. काही किनाऱ्यांवर हे ढीग माणसाच्या उंचीएवढे होतात.

उन्हाळ्यात येथे पर्यटक येतात. ओले ढीग कुजून वास सुटलेला असतो. पर्यटक नाक मुरडतात आणि हॉटेलवाले तक्रार करतात. त्यांचे पोट पर्यटकांवर चालते, तेव्हा त्यांचेही काही चुकत नाही. मग मोठी यंत्रे येतात आणि सारा ढीग उचलून नेतात. किनारा स्वच्छ दिसतो, पण खरे नुकसान येथेच होते. पानांबरोबर वाळूही जाते. शिवाय हिवाळ्यातील लाटांचा मार हे ढीग स्वतःवर झेलत असतात. ते नसले म्हणजे लाटा थेट वाळूवर आदळतात व किनारा झिजू लागतो. ज्या वाळूसाठी पर्यटक येतात, तीच अशी नाहीशी होते.

यावर उपाय आहे. हिवाळाभर ढिगांना हात लावायचा नाही. उन्हाळ्यापूर्वी, जेथे लोक बसतात तेवढ्याच जागेतील पाने हलक्या साधनांनी काढायची आणि वाळू झटकून तेथेच टाकायची. काही ठिकाणी ही पाने किनाऱ्याच्या एका टोकाला ठेवतात व शरद ऋतूत पुन्हा पसरतात. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी तर 2018 मध्ये या गवताच्या रक्षणासाठी खास नियम केले. गवतावर नांगर टाकण्यासही तेथे बंदी आहे.

जुन्या लोकांना हे गवत टाकाऊ वाटत नव्हते. व्हेनिसची काचेची भांडी परगावी पाठवताना ती या वाळलेल्या पानांत गुंडाळत. गुरांच्या गोठ्यात ती अंथरत. इबिझा बेटावर घरांच्या धाब्यांत मातीखाली त्यांचा थर घालत. ही पाने सहसा पेट घेत नाहीत आणि उष्णता अडवतात. शेजारच्या फॉर्मेंटेरा बेटावर 2017 मध्ये सरकारी योजनेतून 14 घरे बांधून झाली. त्यांच्या छपरांत उष्णता अडवण्यासाठी हेच वाळलेले समुद्रगवत भरले आहे.