मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा उलटा धक्का

दौंडच्या स्थानकावर एक दृश्य अनेक वर्षे हटकून दिसे. पुण्याहून मनमाडच्या बाजूला जाणारी गाडी तेथे थांबली, की एका टोकाचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला आणून जोडीत. इंजिन कितीही हलकेच येऊन टेकले, तरी एक धक्का शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचे. फळीवरची पेटी हाले, मांडीवरचे मूल जागे होई. पण कोणी खाली पडत नसे. दोन डब्यांच्या मध्ये बफर असत, आणि ते दाबले जाताना धक्का थोडा थोडा करून पुढे सोडीत. आजचा आमचा विषय शिरूर-दौंडच्या वाचकांना प्रथमदर्शनी परका वाटेल. तथापि त्याचे सारे मर्म या बफरात आहे.

विषय अगदीच परका आहे असेही नाही. राज्य राखीव पोलीस बलाचे पाचवे आणि सातवे असे दोन गट दौंडला आहेत, आणि जवळच नानवीजला त्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. भरतीच्या आशेने पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले या दोन्ही तालुक्यांत गावोगाव दिसतात. अशा मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : सिनेमातले ते मोठे रिव्हॉल्व्हर झाडले, तर हात खरोखरच निखळतो का? या प्रश्नाला हसू नये. त्यामागे एक भीती आहे, आणि चांदमारीच्या मैदानावर ही भीती नेम तर चुकवतेच, प्रसंगी जीवही घेते.

आधी धक्का येतो कोठून ते पाहू. उसाला पाणी देताना मोटर सुरू झाली आणि पाइपचे तोंड कोणी धरलेले नसले, तर ते नागासारखे मागे उसळते, हे या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पाणी पुढे फेकले जाते तेवढ्याच जोराने पाइप मागे ढकलला जातो. बंदुकीत पाण्याच्या जागी गोळी असते आणि गोळीच्या मागोमाग तापलेला वायू. वस्तूचे वजन आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. गोळी व वायू मिळून जेवढा संवेग पुढे नेतात, तेवढाच शस्त्राला मागे मिळतो. न्यूटनने हा नियम १६८७ मध्ये मांडला, आणि त्यातून कोणत्याही कारखानदाराची सुटका नाही. सिनेमात गोळी लागलेला माणूस दहा हात मागे उडतो ते म्हणूनच खोटे समजावे. गोळीत तेवढा रेटा असता, तर झाडणाराही दहा हात मागे उडाला असता.

या धक्क्याचा जुना साक्षीदार शिरूरच आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची जी तुकडी निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा येथे लढली, तिच्याबरोबर सहा-पौंडी गोळ्याच्या दोन तोफा होत्या. त्या काळच्या तोफेची नळी गाड्याला पक्की बसवलेली असे. प्रत्येक बारानंतर तोफ गाड्यासकट काही फूट मागे जाई, आणि गोलंदाजांनी ती हाताने ढकलत जागेवर आणून पुन्हा नेम धरायचा. लढाईतला किती वेळ व किती घाम या ढकलण्यात जात असेल! हा त्रास चुकला तो १८९७ मध्ये. त्या वर्षीच्या फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेत नळी तेवढी मागे सरकत असे. तेल आणि दाबलेली हवा यांच्या नळकांड्यावर ती टेके आणि आपोआप पुढे येई. गाडा जागचा हलत नसे. धक्का नाहीसा झाला नव्हता; तो जास्त वेळात आणि जास्त अंतरात वाटला गेला होता. दौंडच्या बफरांचे कामही हेच होते, आणि रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याच्या कोपराने व खांद्याने नेमके हेच करावयाचे असते.

आता मॅग्नमकडे वळू. मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्ये मोठे. शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीला ते नाव होते, ते काडतुसाने उचलले. रिव्हॉल्व्हरचे पहिले असे काडतूस, .३५७ मॅग्नम, स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १९३५ मध्ये आणले. .३८ स्पेशल हे जुने काडतूस सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब केले आणि आतला दाब जवळजवळ दुप्पट केला. (.३८ हे नाव मुळात फसवे आहे. त्या गोळीचा व्यासही.३५७ इंचच असतो.) लांबी वाढवण्यात शहाणपण होते. मॅग्नम काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरच्या चक्रात शिरूच नये, हा हेतू. पुढे १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम आले, आणि १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटाने ते जगभर गाजवले.

किती धक्का बसतो याचा ढोबळ हिशेब आम्ही करून पाहिला. .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला चारशे मीटरच्या थोडा वर. दीड ग्रॅम दारूचा वायू त्याच्या तिप्पट वेगाने बाहेर पडतो, त्याचाही वाटा धरला पाहिजे. रिव्हॉल्व्हर सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅमचे. बेरीज-भागाकार केला की ते मागे येण्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास निघतो. म्हणजे ते जड रिव्हॉल्व्हर पुरुषभर उंचीवरून हातात पडावे, तसा हा धक्का. आपल्याकडचे परवान्याचे नेहमीचे रिव्हॉल्व्हर .३२ चे. गोळी सव्वासहा ग्रॅमची, तीही मंद. शस्त्राचे वजन सातशे ग्रॅम. त्याचा हिशेब केला तर ते एका विती उंचीवरून हातात पडल्यासारखे होते. पुरुषभर आणि वीतभर, एवढा हा फरक आहे.

येथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ चेच हलके, सुमारे पाचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर काढले. पर्समध्ये मावते हे खरे. पण काडतूस तेच आणि वजन कमी, म्हणजे धक्का अधिक, हे ओघानेच आले. हलके शस्त्र सोपे, ही समजूत दुकानात खरी असेल. मैदानावर ती उलटी ठरते. याच्या उलट जुन्या .३०३ रायफलचा एकूण रेटा .४४ मॅग्नमपेक्षाही मोठा; परंतु चार किलोची रायफल आणि मागे खांदा, म्हणून ती सोसवते. तीसुद्धा दस्ता खांद्यात घट्ट रुतवला तरच. दस्ता आणि खांदा यांच्यात बोटभर फट राहिली, की रायफल ती फट धावत पार करते आणि हातोड्यासारखी आदळते.

रिव्हॉल्व्हरला खांदा नाही, आणि त्याची नळी मुठीच्या वर असते. धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, अडवणारा हात मात्र खाली. त्यामुळे शस्त्र मागे येता येता वर फिरते. गोळी नळीतून सुटण्याच्या आधीच हे फिरणे सुरू झालेले असते. म्हणून रिव्हॉल्व्हरची पुढची माशी उंच ठेवतात : नेम बरोबर जुळवला तेव्हा नळी वास्तविक किंचित खाली रोखलेली असते.

मूठ दस्त्यावर शक्य तितकी वर धरावी, म्हणजे नळी आणि हात यांतले अंतर कमी होते. दुसरा हात पहिल्याच्या बोटांवरून घट्ट लपेटावा. पकड हातोडी धरतो तशी घट्ट असावी. इतकी आवळू नये की हात थरथरेल. कोपरे किंचित वाकलेली, शरीराचा भार थोडा पुढे. आणि धक्का आला की त्याच्याशी झुंजू नये. मनगट ताठ ठेवून हात एकत्र वर जाऊ द्यावेत आणि पुन्हा खाली आणावेत. मनगटच मोडले, तर सगळा धक्का एका सांध्यात जिरतो, आणि कोपरही ढिले असेल तर शस्त्र कपाळावर येते. कपाळाला खोक पडलेले नवशिके असेच पडलेले असतात. आणखी एक गोष्ट पिस्तूल चालवणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो. मॅग्नममध्ये तो बोट फाडण्याइतका तिखट असतो. अंगठा किंवा दुसऱ्या हाताचे बोट त्या फटीपाशी कदापि नेऊ नये. कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. या आवाजाने गेलेले श्रवण परत येत नाही.

पण धक्क्याने फार थोडे नेम चुकतात. चुकतात ते धक्क्याच्या अपेक्षेने. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट खाली झुकते, आणि गोळी निशाणाच्या खाली जाते. झाडणाऱ्याला हे कळतही नाही, कारण लागलीच येणारा खरा धक्का ते झाकून टाकतो. यावर जुन्या शिक्षकांची एक युक्ती आहे. ते चक्रात खऱ्या काडतुसांमध्ये एखादे पोकळ काडतूस, शिकणाऱ्याला न सांगता, मिसळून देतात. घोडा नुसताच टक् करून पडतो, धक्का येत नाही, तरी नळी खाली झुकलेली साऱ्यांना दिसते. उपाय एकच : चाप हळूहळू, सारखा दाबत राहावे, बार केव्हा होईल हे आपल्यालाही आधी कळू नये. आणि सुरुवात लहानापासून करावी. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, .४४ मॅग्नमच्या चक्रात .४४ स्पेशल बसते. हात आणि मन त्याला सरावले, मग मॅग्नम. तेही एका वेळी थोडेच बार, कारण मनगट दमले की दचकणे परत येते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख हाती घेतला, ती सांगतो. नवख्याच्या, विशेषतः सडपातळ मुलाच्या किंवा मुलीच्या हातात मुद्दाम सर्वांत मोठे शस्त्र देऊन त्याची फजिती पाहावयाची, ही विकृत हौस जगभर दिसते. तिची चलच्चित्रे लोक चवीने पाहतात. भल्या मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक छुपा धोका असतो. पहिल्या धक्क्याने शस्त्र ढिल्या हातातून निसटू लागते, चापावरचे बोट सैल पडते, आणि पुढच्याच क्षणी माणूस ते सावरण्यासाठी मूठ आवळतो. मुठीबरोबर बोटही आवळले जाते आणि दुसरा बार होतो. तोवर नळीचे तोंड आकाशाकडे, कधी झाडणाऱ्याच्याच डोक्याकडे वळलेले असते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात असेच घडले. शस्त्र तेवढे वेगळे, उझी जातीची छोटी स्वयंचलित बंदूक. नऊ वर्षांच्या मुलीकडून आधी एकच गोळी झाडवून घेतली, ती ठीक गेली. मग बंदूक सलग बारावर ठेवली. धक्क्याने ती तिच्या हातात वर आणि डावीकडे फिरली, आणि शेजारी उभा असलेला शिक्षक डोक्यात गोळी लागून मरण पावला. त्या मुलीचा यात काय दोष? तिने सांगितले तेवढेच केले होते.

यावरचा उपाय फुकटचा आहे. नवख्याला मोठे शस्त्र देताना चक्रात एकच काडतूस भरावे. सहांच्या जागी एक. दुसरा बार होणारच नाही. शिक्षकाने त्याच्या मागे, किंचित बाजूला, हात पोहोचेल असे उभे राहावे, आणि दुसरे काडतूस पहिल्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिल्यावरच द्यावे.

आमच्या भागात मॅग्नम सहसा पाहावयास मिळणार नाही, आणि त्याची कोणाला खंत वाटू नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत सेंटर फायर पिस्तुलाची स्पर्धा आहे. २००६ मध्ये दोहा येथे जसपाल राणाने तिचे आशियाई सुवर्णपदक मिळवले. तिच्या नियमांत मॅग्नम काडतुसाला मनाई आहे. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली, ती .२२ च्या पिस्तुलावर. त्याचा धक्का आमच्या हिशेबात धरण्याइतकाही नाही. तरी त्या पिस्तुलासाठीही मूठ, मनगट, चाप हेच धडे वर्षानुवर्षे गिरवावे लागतात. भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी वाट पाहण्याचे कारण नाही. पाण्याने भरलेली लिटरची बाटली दोन्ही हातांत, समोर, कोपरे किंचित वाकवून मिनिटभर स्थिर धरून पाहावी. बहुतेकांची विसाव्या सेकंदाला हलू लागते. तेथून सुरुवात करावी.