जुन्या गाडीच्या ब्रेकमधील अदृश्य धूळ

वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर, गाव कोणतेही असो. हमरस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजसमोर जुनी जीप किंवा अ‍ॅम्बॅसडर उभी दिसते. कोणी ती हौसेने विकत घेतलेली असते, तर कोणाला आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असते. मिस्त्री चाक काढतो, ब्रेकचा ड्रम ओढून बाहेर घेतो आणि आत साचलेली करडी भुकटी कम्प्रेसरच्या हवेने उडवून देतो. ड्रम क्षणात स्वच्छ होतो. पण मित्रांनो, ती भुकटी गेली कोठे?

हे समजण्यासाठी आधी ब्रेकचे काम पाहू. समजा, १,२०० किलो वजनाची जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे १,६७,००० ज्यूल भरते. ब्रेक दाबताच यातील बहुतेक ऊर्जेची घर्षणाने उष्णता होते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी उकळू लागेल! ही उष्णता सोसणारा, न जळणारा आणि तरीही चिवट असा पदार्थ ब्रेकच्या लायनरला हवा होता. तो खाणीत सापडला. त्याचे नाव अ‍ॅस्बेस्टॉस.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. ब्रेकमध्ये मुख्यतः त्याचा पांढरा प्रकार, म्हणजे क्रायसोटाइल, वापरला जाई. रासायनिक दृष्ट्या ते मॅग्नेशियमचे सिलिकेट आहे. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, इंजिनाचे गॅस्केट, सायलेन्सरभोवती गुंडाळायची दोरी अशा अनेक जागी त्याची नेमणूक झाली.

त्याचा हाच तंतूंचा गुण माणसाला घातक ठरला. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. फुफ्फुसात खोलवर पोहोचणारे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू ३ मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही आणि हवेत ते तासन्‌तास तरंगू शकतात. नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट द्रव मोठे कण अडवतात. हे तंतू मात्र वायुकोशांपर्यंत जातात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांब तंतू त्यांच्या पोटात मावत नाही. या निष्फळ झटापटीत वर्षानुवर्षे दाह होत राहतो, फुफ्फुसात व्रण साचतात आणि ते ताठर बनते. या रोगाला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही यातून उद्भवतो. धूम्रपान करणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी अधिक.

हे रोग २० ते ४० वर्षांनी डोके वर काढतात. पंधराव्या वर्षी गॅरेजात कामाला लागलेल्या मुलाला दम लागू लागेल तेव्हा तो पन्नाशीला आलेला असेल! म्हणूनच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. मुंबईतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातील कामगारांची पाहणी डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे पाचांतील एकाला अ‍ॅस्बेस्टॉसिस झालेला आढळला.

कारखान्याच्या मानाने गॅरेजातील धूळ थोडी, हे खरे. शिवाय ब्रेकच्या प्रखर उष्णतेने बरेचसे क्रायसोटाइल फोर्स्टेराइट या दुसऱ्या खनिजात बदलते. पण सारे बदलत नाही. आणि नवा लायनर बसवताना त्याला कानस मारली, ग्राइंडर लावला किंवा रिबिटांसाठी भोके पाडली, की न तापलेले ताजे तंतू उडतात. अ‍ॅस्बेस्टॉसची अमुक मात्रा निर्धोक, अशी सीमारेषा सापडलेली नाही. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, अमेरिकेने २०२४ साली. भारतात त्यावर संपूर्ण बंदी नाही. बहुतेक नवे लायनर आता त्याच्याविना बनतात. पण जुन्या गाडीला अस्सल जुनेच भाग हवेत असा हौशी मंडळींचा आग्रह असतो, आणि तेथेच गफलत होते.

यावरचा उपाय तुमच्या वर्गातच आहे. खिडकीतून कवडसा पडला असताना फळा पुसून डस्टर झटका. कवडशात खडूचे कण नाचताना दिसतील. आता फळा ओल्या फडक्याने पुसा. कण जवळजवळ दिसणारच नाहीत. पाण्याने कण एकमेकांना आणि फडक्याला चिकटतात. गॅरेजातही हेच सूत्र लागू पडते.

ड्रम उघडताच त्यावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि ओल्या फडक्याने तो पुसावा. हवा मारू नये, फुंकर घालू नये, कोरडा ब्रश किंवा झाडू वापरू नये. जुना लायनर घासण्याऐवजी अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तयार लायनर बसवावा. रुमाल किंवा साधा मास्क हे तंतू अडवू शकत नाही. त्यासाठी तोंडाला घट्ट बसणारा, बारीक धुळीच्या गाळणीचा मुखवटा लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या स्त्रियांनाही हा आजार जडल्याची उदाहरणे जगभर आहेत. फडकी व जुने लायनर जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करून वर ठळक नाव लिहावे. कायद्याने हा घातक कचरा आहे. तो उकिरड्यावर टाकू नये, जाळू तर नयेच. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही, हे आपण पाहिलेच!

लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. म्हणून प्रत्येक जुन्या लायनरमध्ये ते आहे असेच धरून चालावे. आणि ड्रम उघडला जात असेल, तर विद्यार्थ्यांनी गॅरेजबाहेर लांब उभे राहावे. मिस्त्रीकाकांच्या हातात हवेची नळी दिसली, तर त्यांना नम्रपणे एवढेच सांगा, “काका, हवा मारू नका, पाणी शिंपडा.” गॅरेजात पाण्याची बादली असतेच.