गाडीतला गारवा – भाग ९ : टोपणाखालची पिन

या आठवड्यात ड्रायर बदलायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण शिवना येथील एका वाचकांच्या प्रश्नानं मला दुसरीकडेच ओढून नेलंय. ते लिहितात की दिवाळीनंतर त्यांनी गाडीचा एसी लावलाच नाही. थंडीत गरजच नव्हती, काचा खाली करून सिल्लोडला येणं-जाणं चालू होतं. पाडव्याच्या सुमारास बटण दाबलं तर नुसता पंख्याचा वारा. गॅरेजवाल्यानं सांगितलं, गॅस संपला. त्यांचा सवाल असा : वापरलाच नाही, तर संपला कसा?

फार नेमका प्रश्न आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी होजमधून अगदी थोडा झिरपतो, तेवढं मान्य. त्यापलीकडे कमी झाला असेल तर तो कुठूनतरी बाहेर गेलाय, आणि बाहेर जायला एसी चालू असावा लागत नाही.

लो साईडचं प्रेशर एसी चालू असताना साधारण ३० ते ४० पीएसआय असतं, हे आपण गेजच्या भागात पाहिलं. आता इंजिन बंद करा. काही मिनिटांत हाय आणि लो या दोन्ही बाजू समान होतात आणि मग आतलं प्रेशर फक्त तापमान ठरवतं. आर-१३४ए गॅस ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय दाखवतो, ४० अंशांना १३०च्या वर जातो. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यातही ५०च्या आसपास असतो. म्हणजे लो साईडच्या जोडांवर एसी चालू असतानापेक्षा बंद असताना जास्त भार! शिवन्याच्या त्या गाडीचा एसी चार-पाच महिने बंद असताना तिच्या लो साईडला एका क्षणाचीही विश्रांती नव्हती.

अजिंठ्याच्या भाड्यांवर जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पर्यटक फर्दापूर टी-पॉइंटवरून बसने लेण्यांकडे जातात आणि गाडी चार-पाच तास उन्हात उभी राहते. लेणी सोमवारी बंद, म्हणून या गाड्या सिल्लोडच्या गॅरेजांत दिसतात त्या बहुधा सोमवारीच. ‘चालू गाडीत थंड करत होता, उभी करून परत लावला तर कमी वाटतो’ ही तक्रार मी त्यांच्याकडून कित्येकदा ऐकली आहे. तापलेली केबिन हे त्याचं एक कारण असतंच. पण त्यातल्या काही गाड्यांत खरी गळती निघते, आणि ती जिथे निघते ती जागा इतकी क्षुल्लक असते की तिथे कुणी बघतच नाही.

बॉनेट उघडा. जाड अॅल्युमिनियमच्या पाइपवर एक प्लास्टिकचं टोपण दिसेल, बहुतेक वेळा त्यावर ‘एल’ लिहिलेलं असतं. ते काढा. आत पितळेची एक बारीक पिन दिसेल. बघितल्यावर तुम्ही म्हणाल, ही तर टायरच्या ट्यूबमधली पिन! अगदी बरोबर. न्यूयॉर्कच्या श्राडर कारखान्यात १८९०च्या दशकात हवेच्या टायरसाठी हा व्हॉल्व्ह तयार झाला, १८९३ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि तीच रचना पुढे एसीच्या गॅस भरण्याच्या तोंडात आली. पितळी नळी, मधून जाणारी काडी, एक स्प्रिंग आणि दोन ठिकाणी रबर. पिन दाबली की वाट उघडते. सोडली की स्प्रिंग आणि आतलं प्रेशर मिळून ती बंद करतात. इतकी सुटसुटीत रचना यंत्रांत क्वचितच सापडते. माझा तिच्यावर जीव आहे, हे नियमित वाचकांना एव्हाना कळलं असेल.

पण रचना एक असली तरी रबर एक नाही. टायरच्या पिनेचं रबर हवेसाठी बनवलेलं असतं. एसीत गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं; त्या तेलात आणि गॅसमध्ये ते रबर टिकत नाही, फुगतं किंवा चिरतं. पंक्चरच्या दुकानातली पिन एसीत बसवलेली मी पाहिली आहे. आटे जुळतात, बसते छान, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत गॅस गेलेला असतो.

मूळची चांगली पिनही खराब होते, आणि ती खराब करण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. टोपण काढायचं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पिन दाबायची, फुस्स झालं की ‘गॅस आहे’ म्हणायचं. यातून कळतं काय? काहीच नाही. आत द्रवरूप गॅस थोडासा जरी उरला असेल तरी प्रेशर तेवढंच राहतं. शंभर ग्रॅम असो की चारशे, फुस्स सारखंच. उलट त्या दाबण्यात काडी तिरकी होते आणि भोवतीची धूळ रबराच्या बैठकीवर जाऊन बसते. आपल्या भागातली मक्याच्या खळ्यांची धूळ, कापसाची तुसं आणि संभाजीनगर रस्त्याचं काम चाललं तेव्हा वर्षानुवर्षं खाल्लेली माती, हे सगळं त्या टोपणाभोवती असतंच. एक कण पुरतो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एसी दुरुस्त झाल्यावर मेकॅनिक व्हॅक्यूम लावतो, अर्धा तास थांबतो, गेजचा काटा हलला नाही की ‘लीक नाही’ असा निर्वाळा देतो. पण गेजचा होज ज्या तोंडाला लावलाय तिथली पिन त्या वेळी कपलरने दाबून उघडलेली असते! संपूर्ण सिस्टिम तपासली जाते, फक्त ती पिन सोडून. होज काढला, पिन बंद झाली, आणि तिची परीक्षा घेणारं कुणी उरलं नाही. म्हणून गॅस भरून होज काढल्यावर तोंडात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून मिनिटभर बघत बसायचं. बुडबुडा सावकाश फुगला तरी ती गळती आहे. घाईनं बघणाऱ्याला तो दिसत नाही. नंतर ते पाणी हवेच्या फवाऱ्यानं उडवून तोंड कोरडं करायचं. कोरडा पुरावाही असतो : गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यामुळे टोपणाच्या आतल्या बाजूला तेलकट काळा थर दिसला तर संशय पक्का.

पिन बदलणं हे काम छोटं, पण त्याची तयारी छोटी नाही. आधी उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने काढून घ्यायचा. हवेत सोडून द्यायचा नाही. हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट पृथ्वी तापवतो. लहान गाडीतला ४०० ग्रॅम सोडला तर सुमारे २५० लिटर पेट्रोल जाळल्याइतकं होतं. यंत्र वापरण्याचा आणखी एक फायदा असा की काढलेल्या गॅसचं वजन कळतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४२० ग्रॅम लिहिलंय आणि निघाले १८०, तर २४० कुठे गेले याचा शोध घेतल्याशिवाय गॅस भरण्यात अर्थ नाही.

सिस्टिम रिकामी झाल्याची गेजवर खात्री करा. तरीही डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, कारण हा गॅस उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडी गोठवतो. तोंडाभोवतीची धूळ पुसून मगच पिन काढण्याच्या पान्याने जुनी पिन फिरवा. बाहेर आली की फेकू नका, भिंगाखाली धरा. रबराला चपटी कडा आलेली, एखादी केसासारखी चीर किंवा चिकटलेला कण, यांपैकी काहीतरी दिसतंच. तीच पिन नमुना म्हणून दुकानात न्या आणि गाडीचं मॉडेलही सांगा, कारण बऱ्याच गाड्यांत हाय साईडची पिन जाड असते. नव्या पिनेच्या रबराला कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब, तेल त्या गाडीचंच. बोटांनी आटे धरवा, मग पान्याने अगदी हलका ताण. इथे जोर लावणारा हमखास आटे मारतो. त्यानंतर व्हॅक्यूम, वजनावर गॅस, आणि शेवटी वर सांगितलेलं साबणाचं पाणी.

आणि टोपण! गॅस भरताना ते बॅटरीवर ठेवतात, तिथून ते घरंगळतं आणि पुन्हा कुणाला आठवत नाही. त्याच्या आत रबराची रिंग असते. पिन थोडी गळली तरी गॅस अडवायची दुसरी भिंत तीच. रिंग कोरडी पडली असेल तर टोपण नवं घ्या. ते काही महाग नसतं.

शिवन्याच्या वाचकांनी पिनेबरोबर कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलकडेही बघावं. एसी महिनोन्महिने बंद राहिला की तिथलं तेल उतरतं, सील कोरडं पडतं आणि गॅसला वाट मिळते. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा. मात्र गॅरेजवाल्याला पहिलं वाक्य ‘गॅस भरा’ असं न सांगता ‘आधी दोन्ही टोपणं काढून साबणाचं पाणी टाका’ असं सांगावं. थोडा गॅस उरलाय तोवरच ही तपासणी होते; पूर्ण गेल्यावर नायट्रोजन भरून शोधावं लागतं, ते जास्त खर्चाचं.

पुढच्या आठवड्यात नक्की ड्रायर. तोवर बॉनेट उघडून स्टिकरवरचा गॅसचा आकडा आणि तेलाचा प्रकार लिहून ठेवा, त्या दोन्हींची गरज पडणार आहे.