पूर्ण वर्तमानकाळ, इंग्रजीतील

भूतकाळात घडलेल्या वा सुरू झालेल्या क्रियेचा वर्तमान क्षणाशी संबंध जोडणारी इंग्रजी क्रियापदाची रचना. ‘हॅव’ वा ‘हॅज’ हे साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ह्यांनी ती सिद्ध होते.

प्राचीन इंग्रजीत ह्या रचनेतील ‘हॅव’चा अर्थ ‘जवळ असणे’ असा असून धातुसाधित हे कर्माचे विशेषण असे. ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ ह्यासारख्या अर्थातून ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ क्रमाने विकसित झाला. गतिवाचक अकर्मक क्रियापदांना पूर्वी बहुधा ‘बी’ हे साहाय्यक लागे. पुढे त्याची जागाही ‘हॅव’ने घेतली.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) ह्यांनी हे रूप वर्तमानकाळाचाच एक प्रकार मानले. बर्नार्ड कॉमरी ह्यांनी ॲस्पेक्ट (१९७६) ह्या ग्रंथात त्याचे चार उपयोग सांगितले : (१) टिकून राहिलेला परिणाम : ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणजे किल्ली हरवली असून अद्याप सापडलेली नाही, (२) अनुभव : ‘शी हॅज बीन टू लंडन’, (३) अखंडित स्थिती : ‘ही हॅज लिव्ह्ड हिअर फॉर टेन यिअर्स’, (४) नुकतीच घडलेली घटना : ‘द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट’.

वर्तमानाशी असलेल्या ह्या संबंधामुळे ‘टुडे’, ‘धिस वीक’ अशी चालू कालावधी दर्शविणारी पदे ह्या रूपाबरोबर येतात. ‘यस्टर्डे’, ‘इन १९६०’ अशी सरलेला निश्चित काळ दर्शविणारी पदे मात्र सामान्यतः येत नाहीत. मराठीत हे बंधन नाही. ‘मी काल पत्र पाठविले आहे’ हे मराठी वाक्य शुद्ध असले, तरी इंग्रजीत तेथे साधा भूतकाळच योजावा लागतो. उलट ‘तो दहा वर्षांपासून येथे राहतो’ ह्या मराठी वाक्यात साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत तेथे पूर्ण वर्तमानकाळ आवश्यक असतो. त्याऐवजी नुसते ‘लिव्ह्ड’ लिहिल्यास वास्तव्य संपल्याचा बोध होतो. अर्ज, करारपत्रे व साक्षी ह्यांच्या भाषांतरात हा भेद म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकन इंग्रजीत ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ ह्यांच्याबरोबर साधा भूतकाळही रूढ आहे. ब्रिटिश इंग्रजीत तेथे पूर्ण वर्तमानकाळाकडे अधिक कल दिसतो.