पिंपळनेरला रेल्वे का नाही? चाळीसगाव–धुळे फाट्यावरून संशोधनप्रश्न कसा घडवायचा

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस द्यायची. बऱ्याच जणांची गाडी नेमकी इथेच अडते. "विषय काय घेतलास?" विचारलं की उत्तर येतं, "खानदेशातील रेल्वेचा इतिहास." आता मला सांगा, यात प्रश्न कुठे आहे? विषय म्हणजे नुसतं शेत. कुठे खणायचं आणि कशासाठी, हे प्रश्न सांगतो.

म्हणून आज एकच छोटा रेल्वेमार्ग घेऊ, चाळीसगाव–धुळे. सुमारे ५६ किलोमीटरचा हा फाटा १९०० साली सुरू झाला. जीआयपी कंपनीची मुंबई–भुसावळ मुख्य लाईन १८६० च्या दशकातच चाळीसगाव, पाचोरा, जळगाव अशी गेली होती. धुळे मात्र बाजूला राहिलं. खानदेश जिल्ह्याचं मुख्यालय असूनही त्याला रेल्वेसाठी जवळपास चाळीस वर्षं थांबावं लागलं. आणि त्याच जिल्ह्यातल्या पिंपळनेरला ती आजही नाही. झाला की नाही प्रश्न सुरू? उशीर का झाला, मग नेमकी १९०० मध्येच का आली, आणि पुढे का सरकली नाही?

आधी नावांची खात्री करा

कागदपत्रांत शोध घेताना पहिला फटका नावांचा बसतो. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये पिंपळनेर हा तालुका आहे. आज तालुका साक्री आहे आणि पिंपळनेर त्यातलं एक गाव. तसंच तिथला नसिराबाद तालुका म्हणजे पुढचा जळगाव, आणि सावदा म्हणजे रावेर. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला.

याचा अर्थ काय? "पिंपळनेरची लोकसंख्या" असा १८८१ चा आकडा मिळाला, तर तो गावाचा की अख्ख्या तालुक्याचा, हे आधी बघायचं. एवढं चुकलं तर पुढची सगळी तुलना चुकते. माझा सल्ला: वहीच्या पहिल्याच पानावर जुनी नावं, नवी नावं आणि जिल्ह्यांच्या हद्दी यांचा तक्ता करून ठेवा. धुळ्याचं इंग्रजी स्पेलिंगही जुन्या कागदांत वेगळं सापडतं, ते पण त्यात टाका.

"का आली?" याची तीन उत्तरं

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "इंग्रजांनी कापूस न्यायला रेल्वे आणली." खानदेशचा कापूस महत्त्वाचा होताच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण हे कारण १८६० च्या दशकातलं. फाटा आला १९०० ला. मधल्या काळाचं काय?

दुसरं उत्तर दुष्काळ. १८९९ ला पाऊस गेला, आणि छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या आठवणीत राहिलेलं संकट आलं. १९०० ला रेल्वे सुरू झाली. म्हणजे दुष्काळामुळे रेल्वे आली? थांबा. मोजणी, भूसंपादन, भराव, पूल ही कामं काही महिन्यांत होत नाहीत. १९०० ला गाडी धावली म्हणजे निर्णय बहुधा १८९९ च्या आधीचा. तेव्हा त्या दुष्काळाला निर्णयाचं कारण मानता येत नाही. मात्र १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये रेल्वेचं जाळं वाढवायची शिफारस केली होती. त्या धोरणाशी फाट्याचा संबंध असू शकतो. तारखा ओळीने मांडल्या की अर्ध्या कल्पना आपोआप गळतात, त्या अशा.

तिसरं उत्तर प्रशासनाचं. कलेक्टर कचेरी धुळ्यात आणि स्टेशन चाळीसगावला, ही अडचण होतीच.

तिघांपैकी खरं कोणतं? कदाचित तिन्ही थोडी थोडी. पण प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: कोणता कागद सापडला तर मी हे उत्तर सोडून देईन? कापसाची बाजू मांडायची तर व्यापाऱ्यांचे अर्ज आणि अपेक्षित मालवाहतुकीचे हिशेब दिसायला हवेत. मंजुरीच्या पत्रव्यवहारात फक्त धान्यपुरवठ्याची चर्चा असेल, तर कापूस मागे सरतो. असा पत्रव्यवहार बघायची जागा म्हणजे मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. स्थानिक कागदांसाठी धुळ्यातच १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे.

"परिणाम काय झाला?" इथे जपून

बरेच जण १८९१ आणि १९०१ च्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवतात आणि फरक रेल्वेच्या नावावर टाकतात. पण १९०१ ची गणना मार्चमध्ये झाली. तेव्हा फाटा सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते, आणि दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. त्या फरकात मृत्यू आहेत, स्थलांतर आहे, प्लेग आहे. त्यातून रेल्वेचा वाटा वेगळा कसा काढणार? १९११, १९२१ पर्यंत जावं लागेल. शिवाय तापी खोऱ्यातली सुरतेकडून येणारी लाईनही साधारण त्याच सुमाराची. अमळनेर, नंदुरबारकडचा माल तिकडे वळला का, हे न बघता एकट्या धुळ्याचा हिशेब पुरा होणार नाही.

रेल्वे कुणाची होती?

रेल्वेचा इतिहास फक्त रेल्वेच्या फायलींत नसतो. या फाट्याबद्दलचा एक फार मोलाचा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आहे. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात होते. धुळे लाईनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. चौकशीसाठी ते चाळीसगावहून गाडीने त्या गावी गेले आणि पुढच्या गाडीने परत आले. चाळीसगाव स्टेशनबाहेर टांगे भरपूर होते, पण त्यांना नेायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी तिथल्याच एका माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं.

संशोधक म्हणून हे दोनदा वाचा. पहिल्यांदा वेळापत्रक दिसतं: फाट्यावरच्या गावी जाऊन चौकशी करून पुढच्या गाडीने परतता येत होतं. दुसऱ्यांदा दिसतं की तिकीट मिळालं, डब्यात जागा मिळाली, तरी स्टेशनच्या दारात जात उभी होती. "रेल्वेने जातिभेद मोडला" असं एक वाक्य टाकून पुढे जाणाऱ्यांनी हा प्रसंग समोर ठेवावा. हा मजकूर घटनेनंतर काही वर्षांनी लिहिलेला आहे, हेही नोंदवा. आठवणी वापरताना कधी लिहिल्या, कशासाठी लिहिल्या, हे विचारायचंच.

आणि पिंपळनेर?

जे घडलं नाही त्याचा इतिहास लिहिणं सर्वांत अवघड. "सरकारने दुर्लक्ष केलं" हे म्हणायला सोपं. पण रेल्वे नसणं तीन प्रकारचं असतं: कुणी मागणीच केली नाही, मागणी किंवा सर्व्हे झाला पण नाकारलं, किंवा मंजूर होऊन रखडलं. तिन्हींचा पुरावा वेगळा आणि तिन्हींत जबाबदारी वेगळ्यावर येते. धुळ्यावरून जाणारी मनमाड–इंदूर लाईन बघा. अनेक वर्षांच्या मागणीनंतर ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. उलट पाचोरा–जामनेरची अडीच फुटी गाडी शंभर वर्षं चालली आणि मार्च २०२० मध्ये थांबली. रेल्वे येते, रखडते, बंदही पडते. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये "खानदेशातील रेल्वेचा इतिहास" खोडा. त्याऐवजी लिहून बघा: "१८८० ते १९२० या काळात पश्चिम खानदेशात रेल्वे कुठे न्यायची, हे कोणी, कोणत्या कारणांनी ठरवलं, आणि कोणत्या भागांचा विचार त्यात झाला नाही?" यात काळ आहे, प्रदेश आहे, शोधायचे कागद आहेत. आणि पिंपळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या माणसालाही तो आपला प्रश्न वाटेल.